१३.७ अंशांवरून परत

माणसाच्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअस. ते ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. म्हणजे जेमतेम दोन अंशांची बाब. ३२ च्या आसपास हुडहुडी ओसरायला लागते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. २८ च्या खाली शुद्ध हरपते, हृदय इतकं नाजूक होतं की स्ट्रेचरला बसलेल्या एका हिसक्यानेही त्याची लय बिघडू शकते. २४ च्या खाली ते केव्हाही बंद पडू शकतं. २० मे १९९९ च्या रात्री नॉर्वेच्या उत्तर भागातल्या ट्रोम्सो विद्यापीठ रुग्णालयात हेलिकॉप्टरने एक रुग्ण आणली गेली. तिचं तापमान होतं १३.७.

तिचं नाव आना बोगेनहोल्म. वय २९, मूळची स्वीडनची, पेशाने डॉक्टर. त्या संध्याकाळी नार्विकजवळच्या डोंगरात ती दोन सहकाऱ्यांबरोबर स्कीइंग करत होती. सहा वाजून वीस मिनिटांनी एका उतारावर तिचा तोल गेला आणि ती गोठलेल्या ओढ्यावर पडली. बर्फाला भोक पडलं, त्यातून डोकं आणि धड आत गेलं, पाय तेवढे बाहेर राहिले. खालून वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं आणि डोक्यावर २० सेंटीमीटर जाडीचा बर्फ होता. सहकाऱ्यांनी तिच्या स्की घट्ट धरून ठेवल्या, म्हणून ती प्रवाहाबरोबर आणखी आत ओढली गेली नाही. बर्फाखाली तिला हवेची एक पोकळी सापडली. तिथे श्वास घेत ती ४० मिनिटं शुद्धीवर होती. मग तिची हालचाल थांबली. बचाव पथकाने ओढ्याच्या खालच्या अंगाला बर्फ फोडून तिला बाहेर काढलं तेव्हा एकूण ८० मिनिटं झाली होती.

श्वास नाही, नाडी नाही, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. सहकाऱ्यांनी तिथेच छाती दाबायला सुरुवात केली. मग हेलिकॉप्टर आलं, आणि तासाभराच्या त्या उड्डाणातही छाती दाबणं थांबलं नाही. सुमारे सात चाळीसला ती पाण्याबाहेर आली आणि नऊ दहाला ट्रोम्सोच्या रुग्णालयात पोचली. मध्ये दीड तास गेला. मिनिटाला १०० दाब धरले तरी हे ९,००० दाब होतात. पहिले उघड्या डोंगरावर आणि बाकीचे हेलिकॉप्टरच्या अरुंद जागेत, प्रत्येक दाबाला छाती सुमारे पाच सेंटीमीटर खाली गेली पाहिजे अशा जोराने. ज्याने प्रशिक्षणातल्या पुतळ्यावर दोन मिनिटं तरी हे केलं आहे, त्याला ठाऊक असेल की दुसऱ्या मिनिटालाच दंड भरून येतात.

रुग्णालयात पोचली तेव्हा तिच्या ईसीजीवर सरळ रेष होती. आपत्कालीन विभागाचे प्रमुख माड्स गिल्बर्ट यांनी ठरवलं की हिला ऊब दिल्याशिवाय मृत म्हणायचं नाही. तिला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतलं. रक्त शरीराबाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा, ते तापवायचं आणि परत आत सोडायचं. रात्री सव्वादहाला हृदयाने पहिला ठोका दिला. ओढ्याच्या काठापासून अतिदक्षता विभागापर्यंत शंभराहून अधिक डॉक्टर आणि परिचारिकांनी पाळीपाळीने नऊ तास काम केलं. दहा दिवसांनी ती शुद्धीवर आली. तेव्हा मानेखालचं शरीर हलत नव्हतं. ती हालचाल पुढच्या काही महिन्यांत परत आली, आणि पुढे त्याच रुग्णालयात ती रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करू लागली. जानेवारी २००० मध्ये ‘द लॅन्सेट’ने तिची केस छापली.

इतकी थंडी शरीरात शिरते तरी कशी? मुख्य कारण पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत ते साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. कातडीलगतची हवा तुमच्या ऊबेने लगेच तापते आणि पांघरुणासारखी अंगाभोवती राहते. पाणी तापतच नाही, घेत राहतं. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडालं तेव्हा समुद्राचं पाणी सुमारे उणे दोन अंश होतं. सुमारे १,५०० माणसं गेली. त्यांतले शेकडो लोक लाइफ जॅकेट घालून तरंगत होते. ते बुडाले नाहीत, गारठून गेले.

बर्फाळ पाण्यात पडलेल्या माणसासाठी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी एक साधं सूत्र रुजवलं आहे: एक, दहा, एक. पहिल्या एका मिनिटात श्वास आपोआप धपापतो, तेवढा वेळ तोंड पाण्यावर ठेवायचं आणि श्वासावर ताबा मिळवायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, जे करायचं ते तेवढ्यात. शुद्ध हरपायला मात्र साधारण एक तास लागतो. शेवटचा आकडा लोकांना खोटा वाटतो. बर्फाच्या पाण्यात पडलं की पाच मिनिटांत खेळ खलास, असा सार्वत्रिक समज आहे. त्या समजापायी माणसं घाबरून हातपाय झाडतात आणि पहिल्या मिनिटातच नाकातोंडात पाणी जाऊन बुडतात. थंडी मारायला वेळ घेते. तो तास माहीत असला तर वाचायला उपयोगी पडतो.

आता उलट हिशेब करू. गेलेली ऊब परत कशी द्यायची?

६० किलोच्या माणसाचं शरीर एक अंशाने तापवायला साधारण ५० किलोकॅलरी उष्णता लागते. गारठलेल्या माणसाला आपण पहिली गोष्ट काय देतो? चहा. १५० मिलिलीटरचा कप, ६० अंशांचा गरम चहा, शरीर ३४ अंशांवर. त्या कपातून शरीराला मिळते ती उष्णता चार किलोकॅलरी. त्याने तापमान वाढणार ०.०८ अंश. दहा कप पाजले तरी एक अंश भरत नाही. पण त्याच चहात दोन चमचे साखर असेल तर तिच्यात ४० किलोकॅलरी आहेत, म्हणजे चहाच्या गरमपणाच्या दहापट. शरीर ती साखर हुडहुडीत जाळतं. हुडहुडी हा शरीराचा स्वतःचा बंब आहे. एरवी शांत बसलेला माणूस तासाला ६० किलोकॅलरी उष्णता तयार करतो, पण कडकडून काकडणारा माणूस त्याच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून जो शुद्धीवर आहे, नीट गिळतो आहे आणि थरथरतो आहे, त्याला गोड द्यायचं, भरपूर गोड. गरम असलं तर उत्तम, पण काम करते ती साखर. दारू मात्र अजिबात नको. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली राहिलेली उष्णता बाहेर निसटते.

हाच हिशेब सलाइनला लावा. २८ अंशांवर गेलेल्या माणसाला ४२ अंशांचं एक लिटर सलाइन दिलं तर तापमान चढतं पाव अंशाच्या किंचित वर. गाडीत पडून १० अंशांवर गार झालेली सलाइनची पिशवी तशीच लावली, तर चढायचं सोडून त्याहूनही जास्त उतरतं. आणि आनाचं शरीर? १३.७ पासून ३७ पर्यंत २३.३ अंश, म्हणजे सुमारे १,१६५ किलोकॅलरी. चहाच्या मापाने दोनशेहून अधिक कप. तिचं हृदय बंद होतं, स्नायू निपचित होते, स्वतःची ऊब जवळजवळ शून्य होती. ही सगळी उष्णता बाहेरून, रक्ताच्या वाटेनेच द्यायला हवी होती. त्या यंत्राला दुसरा पर्याय नव्हता तो यामुळे.

हृदय तीन तासांहून अधिक बंद असताना मेंदू शाबूत कसा राहिला, हा या सगळ्यातला सर्वांत विलक्षण भाग. ३७ अंशांवर रक्तपुरवठा थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. पण तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची भूक सुमारे सहा टक्क्यांनी उतरते. १८ अंशांवर मेंदू नेहमीच्या दहापट वेळ तग धरू शकतो. शल्यचिकित्सक हे जाणून मुद्दाम वापरतात. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला यंत्रावर १८ अंशांच्या आसपास थंड करून अर्धा-पाऊण तास रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात, टाके घालतात आणि पुन्हा तापवतात. त्या ओढ्यात हेच घडलं, फक्त कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

अट एकच, आणि ती क्रूर आहे. थंडी आधी पोचली पाहिजे, प्राणवायू नंतर संपला पाहिजे. आनाला हवेच्या पोकळीने ४० मिनिटं दिली. त्या ४० मिनिटांत मेंदू गार झाला आणि त्यानंतर हृदय थांबलं. क्रम उलटा झाला असता तर जगातलं कुठलंच यंत्र कामाला आलं नसतं.

हिमस्खलनात हा क्रम बहुतेक वेळा उलटाच असतो. बर्फाखाली पुरल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ जिवंत निघतात. ३५ मिनिटांनी तेच प्रमाण दहातल्या तिघांवर येतं. तेवढ्या वेळात शरीर फारसं गारही झालेलं नसतं. ही माणसं गुदमरून जातात. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवरच्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि १० जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातला एक नर्सिंग असिस्टंटही होता. सहा दिवसांनी सुमारे ३० फूट बर्फाखालून लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. सगळा देश श्वास रोखून बसला होता. दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ११ फेब्रुवारीला ते गेले. शरीराचे एकेक अवयव आधीच निकामी झाले होते. बाहेर उणे ४० च्या आसपास थंडी असताना बर्फाच्या पोटात एक माणूस सहा दिवस तग धरतो, हे मला अजूनही वाचताना थांबायला लावतं. बर्फात अडकलेली हवा थंडी अडवते, हे त्याचं अर्धं स्पष्टीकरण. उरलेलं अर्धं त्या जवानाचं.

आना एकटीच असती तर तिला अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण ११ फेब्रुवारी २०११ ला डेन्मार्कमधल्या प्रेस्टो खाडीत एका शाळेची लांब वल्ह्यांची होडी उलटली. १३ विद्यार्थी, २ शिक्षक, पाणी दोन अंशांचं. काही मुलं पोहत काठाला लागली आणि त्यांनी मदत बोलावली. एका शिक्षकाचा मृत्यू झाला. सात मुलांना पाण्यातून काढलं तेव्हा त्यांची हृदयं बंद होती. त्यांच्या शरीराचं तापमान १५.५ ते सुमारे २० अंश. कोपनहेगनमध्ये सातही जणांना यंत्रावर घेऊन तापवलं. सातही वाचली. एका दिवशी, एका अपघातात, हृदय थांबलेली सात मुलं आणि सातही परत. मला तरी वैद्यकाच्या इतिहासात याच्या तोडीचा आकडा सहज आठवत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये पोलंडमध्ये क्राकूफजवळ दोन वर्षांचा एक मुलगा रात्री घराबाहेर पडला. तो सापडला तेव्हा त्याचं तापमान १२ च्या आसपास होतं. तोही बरा झाला.

वेळेचे आकडे तर आणखी अवघड वाटतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिरेनीज पर्वतात हिमवादळात सापडलेल्या एका ब्रिटिश महिलेचं हृदय सहा तासांहून अधिक बंद होतं. बार्सिलोनाच्या व्हाल देब्रोन रुग्णालयात ते पुन्हा चालू झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये इटलीतल्या मार्मोलादा पर्वतावर ३१ वर्षांच्या एका गिर्यारोहकाचं हृदय २६ अंशांवर थांबलं. आधी छाती दाबून आणि मग हृदय-फुप्फुस यंत्राने मिळून त्याचं रक्त ८ तास ४२ मिनिटं फिरतं ठेवलं, मगच त्याचं हृदय स्वतः चालू लागलं. त्यातले छाती दाबण्याचे तास साडेतीनहून अधिक होते. मिनिटाला १०० च्या हिशेबाने वीस हजारांहून अधिक दाब. नुसत्या हातांनी करायचं तर एकाच्याने हे होत नाही. दर दोन मिनिटांनी हात बदलावे लागतात, म्हणजे शंभराहून अधिक वेळा एकाने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याने पुढे यायचं, आणि मधली फट काही सेकंदांपलीकडे जाऊ द्यायची नाही.

या रुग्णांसाठी डॉक्टरांमध्ये एक म्हण रूढ आहे: ऊब आल्यावरही जो उठत नाही, तोच मेला. ती आंधळेपणाने पाळायची नसते. रक्तातलं पोटॅशियम लिटरला १२ मिलिमोलच्या वर गेलं असेल तर पेशी फुटल्या आहेत, थंडीच्या आधीच मृत्यू झाला आहे, असं मानतात. वय, स्त्री की पुरुष, तापमान, पोटॅशियम, गुदमरणं झालं की नाही आणि छाती किती वेळ दाबली, अशा सहा गोष्टींवरून जगण्याची शक्यता काढण्याचं गणितही आता आहे. ती शक्यता दहा टक्क्यांच्या वर असेल तर यंत्रावर घ्यावं, असं सांगितलं जातं. दहा टक्के. एरवी ज्या शक्यतेवर आपण मान हलवून मागे फिरतो, तिच्यावर इथे एक अख्खं पथक रात्रभर उभं राहतं.

या लेखातल्या आकड्यांत मला सर्वांत मोठे वाटतात ते दोन छोटे आकडे: ३४ आणि ९. १९८५ ते २०१३ या काळात ट्रोम्सोच्या रुग्णालयात गारठून हृदय थांबलेल्या ३४ जणांना यंत्रावर तापवण्याचा प्रयत्न झाला. वाचले ९. ते नऊच्या नऊ १९९९ पासूनचे. आधी एकही नाही. यंत्र आधीही होतं, थंडीही तीच होती. आनाने एवढंच सिद्ध केलं की हे होऊ शकतं. त्यानंतर डोंगरावरच्या माणसाने छाती दाबणं सोडलं नाही, हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने जवळच्या छोट्या दवाखान्याऐवजी यंत्र असलेलं रुग्णालय गाठलं, आणि रुग्णालयाने दार उघडं ठेवलं. ज्याला शक्य वाटतं तोच थांबत नाही, आणि न थांबलेल्यांच्याच हाती ते नऊ जण लागले.

आपल्याकडे हिमालयातल्या बहुतेक वाटांवर असं यंत्र काही तासांच्या अंतरात नसतं. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर हवामान बिघडलं आणि मुख्यतः कर्नाटकातून गेलेल्या लोकांच्या २२ जणांच्या गटातले ९ जण दगावले. महिना जूनचा होता. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून दर वर्षी कितीतरी तरुण याच वाटांनी जातात. सह्याद्रीत बर्फ नाही म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. श्रावणातला कड्यावरचा वारा, अंगाला चिकटलेले ओले कपडे, सकाळपासून पोटात काही नाही आणि वाट चुकलेली रात्र, एवढ्यावर १८ अंशांच्या हवेतही माणूस गारठू शकतो. ३७ आणि १८ मधलं अंतर १९ अंशांचं आहे.

म्हणून जे करायचं ते जागेवर आणि लवकर. माणूस अडखळतोय, हातमोजा काढता येत नाहीये, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतोय, मागे राहून बसकण मारतोय, हीच वेळ. वाऱ्याच्या आडोशाला घ्या. सगळ्यात आधी खाली मॅट, सॅक, दोर, मिळेल ते अंथरा, कारण ओली जमीन वरच्या वाऱ्याइतकीच ऊब ओढते. ओले कपडे उतरवा किंवा कात्रीने कापा. कोरडं पांघरूण घाला, त्यावरून प्लास्टिकचा कागद गुंडाळा, डोकंही झाका. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीशी आणि काखेत ठेवा. हातपाय चोळू नका. चोळल्याने कातडी दुखावते, आणि गार पडलेल्या हातापायांतलं रक्त हृदयाकडे वळवण्यात काहीच फायदा नाही. बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. आणि त्याला उभं करून चालवत नेऊ नका. आडवं ठेवा, आडवंच उचला, खांद्यावर टाकून धक्के देत धावू नका. २८ अंशांच्या हृदयाला तो धक्का पुरतो.

नाडी बघायची ती नेहमीसारखी दहा सेकंद नाही, पूर्ण एक मिनिट. गारठलेलं हृदय फार मंद आणि फार क्षीण चालतं. मिनिटभरात काहीच हाताला लागलं नाही तर छाती दाबायला सुरुवात करा. वाट अवघड असेल, उचलूनच न्यावं लागत असेल, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना एका गोष्टीला मुभा देतात, जी ३७ अंशांच्या माणसाच्या बाबतीत अक्षम्य ठरली असती. तापमान २८ च्या खाली असेल किंवा मोजता येत नसेल, तर पाच मिनिटं छाती दाबायची आणि मग जास्तीत जास्त पाच मिनिटं न दाबता पुढे चालायचं. तापमान २० च्याही खाली आहे हे नक्की माहीत असेल, तर मधली चाल दहा मिनिटांपर्यंत लांबवता येते. खाली ठेवायचं, पुन्हा पाच मिनिटं दाबायचं, पुन्हा उचलायचं, आणि हेलिकॉप्टर किंवा रुग्णालय येईपर्यंत हेच चालू ठेवायचं.